घरबसल्या चार पैसे : कानानं ऐका, हातानं टंका

मैत्रिणींनो, शिवणटिपण, पापड-कुरडया, शिकवण्या, पाळणाघर ही घरबसल्या करण्याची कामं तुम्हां-आम्हांला नवी नाहीत. आज ज्या कामाविषयी लिहिणार आहे, ते मात्र अनेकींच्या कानावरूनही गेलं नसेल. ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि ते शब्दन्‌शब्द टाइप करून द्यायचं, असं हे काम. इंग्रजीत त्याला ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात आणि मराठीतही आपण सारे तेच म्हणतो. मी स्वतः गेली काही वर्षं हेच काम करते, आणि डोळ्यांचा उपयोग न करता करते. तेव्हा आज जे लिहीन ते ऐकीव नाही.

निमित्त झालं ते सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीच्या पत्राचं. वय चौतीस. लग्नाआधी वकिलांच्या कचेरीत टायपिंग करीत असत. हात चांगला चालतो. पाच-सहा वर्षांपूर्वी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसेना, आता नळीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसतं. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोझा असं निदान केलं आहे. घरचे प्रेमळ आहेत. इतके की चुलीपाशी जाऊ देत नाहीत, बाजारात जाऊ देत नाहीत, ‘तू बस गं’ एवढंच म्हणतात. पत्राच्या शेवटी त्यांनी मागणी केली आहे ती वेळ जाईल अशा कामाची. पैशांचं काही नाही, असंही जोडलं आहे.

बाई, तुमचं बाकी सगळं पत्र मी समजून घेतलं, पण हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. वेळ घालवण्यासाठी रेडिओ आहे, जप आहे, शेजारीण आहे. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, त्या कामाच्या वेळी कोणीही येऊन आपल्याला उठवतं. कारण ते काम आहे असं कोणालाच वाटत नाही. तेव्हा पैशांचं आहे, आणि चांगलंच आहे, असं धरूनच पुढचं वाचा. ज्यांची नजर शाबूत आहे त्यांनीही वाचावं. कोणाच्या तरी जावेला, नणंदेला, बहिणीला उपयोगी पडेल.

आता हे काम देतं कोण? पीएच.डी. करणारे विद्यार्थी गावोगाव फिरून लोकांच्या मुलाखती घेतात, त्या त्यांना कागदावर हव्या असतात. सामाजिक संस्था, इतिहासाचे अभ्यासक, पत्रकार, माहितीपट काढणारे, व्याख्यानमाला भरवणारे, सगळ्यांना ही गरज असते. कंपन्यांच्या सभा असतात. परदेशी डॉक्टर रोग्यांविषयी जे तोंडी सांगतात ते लिहून काढण्याचं काम १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं. मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचे वर्ग तेव्हा गल्लोगल्ली निघाले होते, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. त्यातलं पुष्कळसं काम आता यंत्र करतं, त्याविषयी पुढे सांगते.

आणि हे काम न पाहता करणं यात चमत्कार वगैरे काही नाही, बरं का. डिक्टाफोन नावाचं यंत्र होतं, साहेबानं त्यात बोलायचं आणि टंकलेखिकेनं कानाला नळी लावून ते टाइप करायचं. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अंध स्त्री-पुरुष कचेऱ्यांमधून हे काम पगार घेऊन करीत आले. तेव्हा फक्त एक अडचण होती. आपण काय टाइप केलं ते त्यांना स्वतःला वाचता येत नसे. ती अडचण स्क्रीन रीडरनं दूर केली.

स्क्रीन रीडर म्हणजे कॉम्प्युटरवर जे लिहिलेलं असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. त्यात जॉज हा जुना आणि नामवंत, पण महाग. मी वापरते तो एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि तो आजही सर्वांना मोफत मिळतो. विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर चालतो. त्याच्यासोबतच ई-स्पीक नावाचा आवाज येतो आणि त्यात मराठीही आहे. हा आवाज कानाला गोड नाही हं. पत्र्याच्या डब्यातून कोणी बोलावं तसा आहे. पहिले दोन दिवस तुम्ही वैतागाल, पंधरा दिवसांत सवय होईल आणि दोन महिन्यांनी तुम्हीच त्याचा वेग वाढवाल. गोड आवाज वेग वाढवला की चिकटतात, हा पत्र्याचा आवाज मात्र कितीही पळवला तरी सुटा सुटा ऐकू येतो. म्हणून जुनी माणसं त्यालाच धरून बसतात.

माऊस विसरा. सगळं कळफलकावरून होतं. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, तिथे तर्जन्या ठेवल्या की बाकीच्या कळा आपोआप हाताखाली येतात. कंट्रोल दाबलं की वाचक गप्प. इन्सर्ट धरून खालचा बाण दाबला की पुढे सलग वाचत जातो. इन्सर्ट धरून एफ १२ दाबलं की वेळ सांगतो. उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा संच असलेला कळफलक घ्या. त्यावरच्या आठने ओळ, पाचाने शब्द आणि दोनाने अक्षर ऐकता येतं. नुसत्या या चार-सहा खुणांवर माझा निम्मा दिवस निघतो. पडदा पूर्ण काळा करण्याची सोयही त्यात आहे. मागे कोणी उभं राहून वाचू शकत नाही.

आता या कामातल्या खऱ्या कसोटीकडे येऊ. पाहणारी टंकलेखिका कानानं ऐकते आणि डोळ्यानं तपासते. आपल्याकडे दोन्ही कामांना कानच. मुलाखतीतला माणूस बोलतोय, त्याच वेळी स्क्रीन रीडर आपण टाइप केलेलं बोलतोय, आणि आतून सासूबाई विचारताहेत की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. यात गोंधळून जाऊन बऱ्याच जणी आठवड्यात काम सोडतात. पण त्यावर साधा तोडगा आहे, आणि तो कोणी नीट सांगत नाही.

पहिली गोष्ट, टाइप करताना वाचकाला बोलू द्यायचं नाही. एनव्हीडीए सुरुवातीला प्रत्येक अक्षर उच्चारतो. इन्सर्ट आणि २ ने ते बंद होतं, इन्सर्ट आणि ३ ने शब्द उच्चारणं चालू-बंद होतं. नवशिकीनं शब्द चालू ठेवावेत, हात बसला की तेही बंद करावेत. बोटांवर विश्वास ठेवायला शिकायचं. पोळी लाटताना आपण दर वेळी मोजपट्टी लावतो का?

दुसरी गोष्ट, दोन आवाज दोन कानांत वाटून द्यायचे. एनव्हीडीएच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये त्याचा आवाज कोणत्या साधनातून यावा हे निवडता येतं. यूएसबीचा हेडफोन हे कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं साधन असतं. तेव्हा मुलाखत हेडफोनातून, एका कानावर. आणि वाचक कॉम्प्युटरच्या साध्या भोकात खुपसलेल्या स्वस्त इयरफोनातून, दुसऱ्या कानात. ही जोडणी दिसायला जरा विनोदी दिसते. घरातली मुलं हसतील, हसू द्यावं. डावा कान मुलाखतीला आणि उजवा वाचकाला, असं एकदा ठरवलं की बदलू नये. चार-सहा आठवड्यांत डोक्यात दोन वेगळे कप्पे तयार होतात. वाचक बोलू लागला की दुसरा आवाज आपोआप खाली जावा अशीही एक सोय एनव्हीडीएत आहे. ती या कामात बंदच ठेवावी, नाहीतर नेमकं नाव सांगताना मुलाखतीतला माणूस पुटपुटू लागतो.

तिसरी गोष्ट पायाची. मुलाखत थांबवायला आणि चालू करायला हात कळफलकावरून उचलावा लागला की लय तुटते. यासाठी पायानं दाबायची पट्टी मिळते. अगदी शिवणयंत्राच्या पायट्यासारखी; मधला भाग दाबला की चालू, सोडला की बंद, डावीकडे मागे, उजवीकडे पुढे. ज्यांनी मशीन चालवलंय त्यांना शिकवावं लागत नाही. पण ही पट्टी पहिल्या दिवशी विकत घेऊ नये. एक्स्प्रेस स्क्राइब यासारख्या प्रोग्रॅममध्ये वरच्या ओळीतल्या कळांनी हेच होतं. एफ ९ ने चालू, एफ ४ ने बंद, एफ ७ ने मागे. थांबवलं की आपोआप एक-दोन सेकंद मागे जाईल असं लावून ठेवा, म्हणजे वाक्याचं शेपूट हुकत नाही. दोन-तीन कामांचे पैसे हातात आले की मग त्यातूनच पट्टी घ्या. नवऱ्याकडे मागू नका, एवढं माझं ऐका.

कामाची पद्धत अशी. आधी दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. बोलणारे किती, कोण चिरका, कोण खोकतो, कोण ‘म्हणजे’ म्हणून वाक्य सुरू करतो, हे ध्यानात घ्यायचं. मग एक वाक्यभर ऐकायचं, थांबायचं, टाइप करायचं. परिच्छेद झाला की बाणानं ओळी ऐकून तपासायचा. ऐकू न आलेल्या जागी मनानं काही घालायचं नाही. तिथे ठरलेली खूण आणि वेळ लिहायची. एकाच वेळी दोघं बोलताना कोण काय म्हणालं हे ओळखणं मला डोळसांपेक्षा सोपं जातं. पण म्हणून ‘देव डोळे काढून घेतो आणि कान देतो’ असं कोणी म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. देवानं काही जादा दिलेलं नाही. रोज चार तास ऐकलं तर कोणाचाही कान तयार होतो, तंबोरा लावणाऱ्याचा होतो तसाच.

मराठीतून काम करणार असाल तर आणखी दोन गोष्टी फार महत्त्वाच्या.

एक कळफलकाची. इनस्क्रिप्ट शिका. त्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं अशी सरळ वाटणी आहे, क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर. न पाहणाऱ्याच्या डोक्यात हा नकाशा पटकन बसतो. जुन्या टाइपरायटरचा मराठी कळफलक ज्यांच्या बोटांत बसलाय त्यांना महिनाभर जड जाईल, पण तेवढा एक महिना सोसावा. आणि लिहायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट वापरीत, काही ठिकाणी अजूनही वापरतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती इंग्रजी अक्षरंच असतात. डोळ्याला फसवता येतं, स्क्रीन रीडरला नाही. तो इंग्रजी अक्षरांची भेळ वाचून दाखवतो. एखाद्या गिऱ्हाइकानं असं काम पाठवलं तर सरळ कळवा की युनिकोडमध्ये द्या. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. तसं लिहिलेलं कोणालाच कुठे शोधता येत नाही, तेव्हा फायदा त्यांचाच आहे.

दुसरी ऱ्हस्व-दीर्घाची. ही आपली खरी दुखरी जागा. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे शब्द वाचकाच्या भरभर बोलण्यात सारखेच वाटतात. ‘आणि’मधला ‘णि’ पहिला की दुसरा, हे कानाला कळत नाही. ज्यांची नजर अलीकडे गेली त्यांच्या डोळ्यांपुढे शब्दाचं चित्र अजून असतं, ती मोठीच शिदोरी आहे. ज्या जन्मापासून ब्रेलवर शिकल्या त्यांच्या बोटांतही वेलांटी ठरलेली असते, कारण ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ यांना वेगवेगळे ठिपके आहेत. अडचण येते ती नुसतं कानानं शिकलेल्यांची. त्यांनी शंका येईल तो शब्द अक्षर-अक्षर ऐकावा आणि आपल्याला नेहमी फसवणाऱ्या शब्दांची एक यादी करून ठेवावी. माझ्या यादीत सध्या दोनशेवर शब्द आहेत. काम पाठवण्यापूर्वी मी ते एकेक करून शोधते. कंटाळवाणं आहे, पण ‘या बाईंचं काम तपासावं लागत नाही’ असं नाव एकदा झालं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

आता त्या यंत्राविषयी. २०२२च्या सप्टेंबरमध्ये ओपन-एआय या अमेरिकन कंपनीनं व्हिस्पर नावाचा प्रोग्रॅम खुला केला. बोललेलं ऐकून तो स्वतःच टाइप करतो. इंग्रजी उत्तम करतो, मराठीही करतो. त्यानंतर असे पुष्कळ निघाले. तेव्हा मग आमची गरज काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. खरं सांगायचं तर स्वच्छ आवाजातल्या इंग्रजी भाषणाचं काम हातानं करून पोट भरेल असे दिवस गेले. तसा वर्ग कोणी काढून फी मागत असेल तर देऊ नका. पण ओट्यावर बसून, मागे कोंबड्या ओरडताहेत आणि तीन बायका एकदम बोलताहेत, अशी वऱ्हाडीतली किंवा अहिराणीतली मुलाखत यंत्रापुढे ठेवा, आणि काय बाहेर येतं ते पाहा. शिवाय यंत्राला एक खोड आहे. जिथे ऐकू येत नाही तिथे ते गप्प बसत नाही, काहीतरी शोभेलसं लिहून टाकतं. संशोधन करणाऱ्याला ते चालत नाही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, घाटावरची बोली, ज्या बोलीत तुम्ही वाढलात ती तुमची पुंजी आहे, ती गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा.

हल्ली पुष्कळदा यंत्रानं केलेला मसुदा दुरुस्त करायला देतात आणि दर निम्मा सांगतात. डोळसांना यात वेळ वाचतो. आपला वाचतोच असं नाही. यंत्राची चूक सफाईदार असते. ‘शेतसारा’च्या जागी ‘शेत सारं’ लिहिलेलं कानाला जवळजवळ तसंच ऐकू येतं आणि निसटून जातं. तेव्हा अर्ध्या दराचं काम घेण्याआधी पाच मिनिटांचा तुकडा दुरुस्त करून पाहा, तेवढाच तुकडा नव्यानं टाइप करून पाहा आणि घड्याळ लावा. माझ्या हाताला खराब आवाजाच्या मुलाखतीत नव्यानं टाइप करणंच परवडतं.

दराचा हिशेब नीट समजून घ्या. मिळतं ते बहुधा मुद्रणाच्या मिनिटावर, आपल्या तासावर नाही. सराईत माणसालाही तासाभराच्या स्वच्छ मुद्रणाला चार तास लागतात, नवशिकीला सात-आठ. समजा, मिनिटाला दहा रुपये ठरले. तासाच्या मुद्रणाचे झाले सहाशे. तुम्हांला आठ तास लागले तर तासाला पंचाहत्तर रुपये पडले, हात बसून पाच तासांत होऊ लागलं तर एकशे वीस. म्हणजे वेग हीच वाढ. आवाज खराब असेल, बोलणारे चारांहून अधिक असतील, वेळा टाकून हव्या असतील, तर दर वेगळा, हे काम घेण्यापूर्वी लेखी ठरवा. आणि आधी तुकडा ऐकल्याशिवाय दर सांगू नका. भाजी न पाहता भाव कोण ठरवतं?

काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो काम देत नाही. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, कोणत्याही नावानं मागो. ‘करारावर सही केलीत, आता काम अपुरं म्हणून दंड भरा’ असे धमकीचे फोन आल्याची पत्रंही माझ्याकडे येतात. अशांना एक पैसा देऊ नये, १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोन करावा. आणि फोनवर आलेला ओटीपी सख्ख्या भावानं मागितला तरी सांगू नये.

पैसे यायचे ते स्वतःच्या खात्यात. इथे काहींना बँकेत अडवतात. मलाही एका शाखेत ‘मिस्टरांना घेऊन या, जॉइंट खातं काढू’ असं सांगितलं होतं. दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर या सोयी भेदभाव न करता द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेनं ४ जून २००८ च्या परिपत्रकात सर्व बँकांना सांगितलेलं आहे. ही तारीख पाठ करून ठेवा. शांत आवाजात उच्चारली की शाखाधिकारी खुर्ची देतात. हातात आलेली नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेनंच २०२० मध्ये मणी नावाचं अॅप काढलं, ते फोनवर मोफत मिळतं.

साताऱ्याच्या भगिनींसाठी आणखी एक. पत्रात त्या म्हणतात की तक्त्यावरची अक्षरं अजून वाचता येतात, त्यामुळे आपण ‘त्यात’ बसत नाही असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यात नजर किती दूर पोचते एवढंच पाहात नाहीत, नजरेचा घेरही मोजतात. घेर दहा अंशांहून कमी झाला असेल तर समोरची अक्षरं दिसत असली तरी कायद्यानं ते अंधत्व आहे, आणि दहा ते चाळीस अंशांच्या मध्ये असेल तर अल्पदृष्टी. सरकारी रुग्णालयात हा घेर मोजून यूडीआयडी कार्ड करून घ्या. सरकारी नोकऱ्यांमध्ये चार टक्के राखीव जागा आहेत, त्यांतली एक टक्का अंध आणि अल्पदृष्टींसाठी. आज नको असेल, पण कार्ड करून ठेवायला काय हरकत आहे? आणि जे थोडं दिसतं आहे, ते असतानाच स्क्रीन रीडर शिकायला घ्या. डोळे मिटून शिका. दिसणं सरेपर्यंत थांबलात तर शिकणं आणि दुःख दोन्ही एकदम अंगावर येतील. प्रशिक्षणासाठी मुंबईत १९५२ सालापासून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे. फोन करून तुमच्या जिल्ह्याजवळ काय सोय आहे ते विचारा.

घरातल्या वेळेची बोलणी मात्र तुम्हांलाच करावी लागतील. माझी वेळ पहाटे पाच ते आठ. तेव्हा टीव्ही नसतो, मिक्सर नसतो, विजेचं जाणं-येणं असलं तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो. दुपारी दोन तास तपासणीचे. त्या वेळी दाराला आतून कडी. सुरुवातीला रुसवे होतात. पण ‘काम चालू आहे’ हे घरच्यांना दिसावं लागतं, आणि कडी लावलेलं दार ते चांगलं दाखवतं. स्वयंपाकातून तुम्हांला काढून टाकलं असेल तर तेही मुकाट्यानं सोडू नका हं. निदान सकाळचा चहा तुमच्या हातचा असू द्या.

कडीचं आणखीही एक कारण आहे. मुलाखतींत काय काय असतं याची बाहेरून कल्पना येत नाही. मारहाण सोसलेली बाई, जमिनीच्या वादातला भाऊ, आजाराचं नाव घरी न सांगितलेला माणूस, सगळे विश्वासानं बोललेले असतात. ते घरभर ऐकू जाता कामा नये. स्पीकरवर कधीही लावू नका. काम संपलं, पैसे मिळाले, की मुद्रण पुसून टाकायचं आणि तसं गिऱ्हाइकाला कळवायचं. लोकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याचं दुःख चावडीवर नेऊ नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि फार जड ऐकलं तर त्या दिवशी तिथेच थांबावं. मी उठून तुळशीला पाणी घालते, धुणं वाळत टाकते, दुसऱ्या दिवशी पुढे जाते.

राहता राहिले कान. चार पैशांचं साधन तेच, तेव्हा त्यांची बडदास्त ठेवायला हवी. आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका. ऐकू येत नसेल तर वेग कमी करा, आवाज वाढवू नका. पाऊण तास झाला की दहा मिनिटं हेडफोन काढून ठेवायचे. कानावर पूर्ण बसणारे गादीचे हेडफोन घ्या, खुपसायचे नकोत. वाचकासाठी एका बाजूचा इयरफोन पुरतो. गाद्यांचं कातडं घामानं सुटतं, त्याचे काळे कण केसांत पडतात. यावर उपाय म्हणजे जुन्या मऊ सुती साडीचे दोन गोल तुकडे कापून, कडेला इलॅस्टिक घालून, डब्याच्या झाकणाला घालतो तशा टोप्या शिवाव्यात. चार जोड शिवले की दर दोन दिवसांनी धुता येतात. उन्हाळ्यात रोज बदला.